अनोळखी माणसांची एकसारखी वाक्यं

कोरियातलं युद्ध १९५३ साली थांबलं आणि कैदेत पडलेले अमेरिकी वैमानिक घरी परतू लागले. त्यांच्यापैकी काहींनी कैदेत असताना ‘आम्ही रोगजंतूंचे बॉम्ब टाकले’ अशा कबुल्या लिहून दिल्या होत्या. अमेरिकेच्या मते त्या खोट्या होत्या. मग धडधाकट, शिकलेल्या, लष्करी शिस्तीत वाढलेल्या माणसांकडून त्या काढून कशा घेतल्या? शत्रूच्या हाती मेंदू धुऊन काढायची काहीतरी गुप्त विद्या लागली असणार, अशी चर्चा देशभर सुरू झाली. अमेरिकी हवाई दलासाठी काम करणाऱ्या अल्बर्ट बिडरमन या समाजशास्त्रज्ञाने सुटून आलेल्यांच्या हकिगती तपासल्या. १९५७ साली त्याने आपला निष्कर्ष मांडला, आणि तो वाचून मी अजूनही थक्क होते. गुप्त विद्या वगैरे काही नव्हतीच. औषधं नव्हती, यंत्रं नव्हती, मारहाणीचीही फारशी गरज पडली नव्हती. साध्या आठ गोष्टी पुरल्या होत्या.

माणसाला इतरांपासून तोडायचं. त्याचं सगळं लक्ष स्वतःभोवती फिरत ठेवायचं. झोप आणि ताकद संपवायची. धमक्या द्यायच्या. मधूनच अचानक मेहेरबानी करायची. आपल्याला सगळं कळतं, आपण काहीही करू शकतो, हे ठसवायचं. अपमान करायचा. आणि क्षुल्लक, निरर्थक हुकूम पाळायला लावून आज्ञाधारकपणाची सवय लावायची.

अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने १९७३ साली छळावरच्या आपल्या अहवालात हा तक्ता छापला. पुढे नवऱ्याच्या छळातून सुटलेल्या बायकांबरोबर काम करणाऱ्यांच्या हाती तो पडला. युद्धकैद्यांसाठी केलेली ही यादी म्हणजे त्या बायकांच्या संसाराचं हुबेहूब वर्णन होतं. समाजशास्त्रज्ञ डायना रसेल यांनी १९८२ सालच्या आपल्या पुस्तकात हे साम्य उघड मांडलं.

क्षणभर थांबून याचा विचार करावा. छावणीतल्या पहारेकऱ्यांना वरून आदेश येत होते, एकमेकांचं पाहून शिकायची सोय होती. घराघरांतल्या या पुरुषांना कुणी शिकवलं? ते एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांचे देश, भाषा, जाती, पगार वेगळे. तरीही ते एकाच क्रमाने तीच पावलं टाकतात आणि पुष्कळदा तीच वाक्यं बोलतात. मला याचं एकच उत्तर पटतं. बेडी न घालता माणसाला ताब्यात ठेवायचे मार्ग मुळातच थोडे आहेत. माणूस सोबतीवर जगतो, झोपेवर जगतो, आपल्याला जे दिसतं ते खरं आहे या विश्वासावर जगतो आणि उद्या बरं होईल या आशेवर जगतो. ताबा हवा असणारा माणूस चाचपडत चाचपडत याच चार ठिकाणी पोहोचतो, कारण पाचवं ठिकाण फारसं नाहीच.

धोक्याची चिन्हं आधी ओळखता येतात ती यामुळेच. प्रत्येक छळ करणारा आपापल्या न्याऱ्या पद्धतीने क्रूर असता, तर कुठलीच यादी उपयोगी पडली नसती.

अशी यादी कुणी प्रयोगशाळेत बसून केली नाही, हेही मला फार मोलाचं वाटतं. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात सुपीरियर सरोवराच्या काठी डुलूथ नावाचं गाव आहे. तिथे एलन पेन्स आणि तिच्या सहकाऱ्यांनी छळ सोसलेल्या बायकांचे गट घेतले आणि त्यांना विचारलं, तुमच्या घरात नक्की काय घडतं? त्या उत्तरांतून १९८४ साली एक चक्र तयार झालं. त्याच्या मध्यभागी सत्ता आणि ताबा. आऱ्यांमध्ये धाक घालणं, मन खच्ची करणं, एकटं पाडणं, ‘एवढं काही झालं नाही’ म्हणून झटकणं, मुलांचा वापर, पुरुषपणाचा अधिकार गाजवणं, पैशाची कोंडी, जबरदस्ती आणि धमक्या. मारहाण मात्र बाहेरच्या धावेवर. रोज हात उगारावा लागत नाही. एकदा उगारलेला हात आतल्या आठही आऱ्यांना धार देत राहतो.

पण या चक्रात शिरताना ते चक्र दिसत नाही. सुरुवात इतकी गोड असते की सावध करणारा माणूसच जळका वाटतो.

जेन मॉन्कटन स्मिथ या ब्रिटिश संशोधक पूर्वी पोलिसात होत्या. त्यांनी जोडीदाराच्या हातून झालेल्या ३७२ खुनांचा अभ्यास केला आणि २०१९ साली त्यांतून आठ टप्प्यांचा एक क्रम मांडला. पहिला टप्पा नातं जुळण्याआधीचा आहे : त्या माणसाच्या भूतकाळात आधीच्या जोडीदाराला धाकात ठेवल्याच्या किंवा पाठलाग केल्याच्या खुणा असतात. दुसरा टप्पा वाचून मी खिळून राहिले, कारण तो आपल्याकडे शुभशकुन मानला जातो. तो म्हणजे वेग. ओळख होऊन पंधरवडा झाला नाही तोच ‘तुझ्याशिवाय जगू शकत नाही’. महिन्याभरात लग्नाचा, नाहीतर एकत्र राहायचा आग्रह. ‘माझ्या आधीच्या सगळ्या वेड्या होत्या, तू वेगळी आहेस.’ आधीच्या प्रत्येक नात्यात दोष फक्त दुसऱ्या बाजूचा, असं सांगणाऱ्याच्या त्या वाक्यात पहिला टप्पाही लपलेला असू शकतो.

वेगाने प्रेमात पडलेले सगळेच काही छळ करत नाहीत, हे उघड आहे. माझ्या मते पाहायचं ते एवढंच : ‘थोडं थांबू या’ म्हटल्यावर काय होतं? खरं प्रेम हिरमुसेल, पण थांबेल. ताब्याची भूक रुसते, रडते, हिशेब मांडते, ‘म्हणजे तुझं प्रेम नाहीच’ म्हणते, आणि तुम्ही माघार घेईपर्यंत थांबत नाही. एखाद्या माणसाविषयी मला एकच गोष्ट कळू शकणार असेल, तर लहानशा नकारानंतर तो कसा वागतो तेवढंच मी विचारेन. सिनेमाला नाही, आज भेटायला नाही, हा ड्रेस बदलणार नाही.

मग हळूहळू सोबत कमी होते. कुणी सरळ ‘मैत्रिणींना भेटू नकोस’ म्हणत नाही. ‘ती तुझ्यावर जळते.’ ‘तुझा तो भाऊ मला मान देत नाही.’ ‘माहेरी रोज कशाला फोन? इथलं सगळं तिकडे कळायलाच हवं का?’ मैत्रिणीबरोबर चहाला गेलं की पाठोपाठ फोनवर फोन, परतल्यावर दोन दिवस अबोला. अखेर ती स्वतःच जायचं बंद करते, आणि कुणी विचारलं तर म्हणते, मलाच कंटाळा येतो आता. पुण्यात वसतिगृहावर राहणाऱ्या मुलीला हे फोनवरूनच करता येतं. ‘लोकेशन चालू ठेव, काळजी वाटते.’ ‘पासवर्ड दे, आपल्यात काय लपवायचं?’ ‘व्हिडिओ कॉल कर, खोलीत कोण आहे बघू.’ एकेक वाक्य सुटं पाहिलं तर काळजीचं, आणि मैत्रिणी कौतुकाने म्हणतात, किती पझेसिव्ह आहे गं तुझ्याबाबतीत! काळजी करणाऱ्याला तुम्ही सुखरूप पोहोचलात हे कळलं की समाधान होतं. ताबा ठेवणाऱ्याला कुठल्याच उत्तराने समाधान होत नाही, पुढचा प्रश्न तयार असतो.

आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही असेच प्रश्न असतात : दुसऱ्या पुरुषाशी बोललात तर नवरा चिडतो का, मैत्रिणींना भेटू देतो का, माहेरचा संपर्क तोडायला पाहतो का, तुम्ही कुठे आहात हे प्रत्येक वेळी त्याला कळायलाच हवं असतं का. हजारो मैलांवरच्या डुलूथमध्ये बायकांनी सांगितलेलं आपल्या खेड्यापाड्यांतल्या उंबऱ्यावर विचारलं जातं, आणि तिथेही ते नेमकं लागू पडतं. २०१९ ते २०२१ मधल्या सर्वेक्षणात १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा कधीतरी विवाहित असलेल्या बायकांपैकी २९.३ टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.२ टक्के होतं. म्हणजे चौघींत एक.

मग ती निघून का जात नाही? हा प्रश्न फार लोक फार सहज विचारतात, आणि त्याचं उत्तर बिडरमनच्या यादीतल्या पाचव्या गोष्टीत आहे : अधूनमधून केलेली मेहेरबानी. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं होतं की, दर वेळी दाणा मिळणारं कबुतर दाणे बंद झाल्यावर लवकर टोचायचं थांबतं. कधी मिळेल ते न कळणारं कबुतर कितीतरी अधिक काळ टोचत राहतं. डोनाल्ड डटन आणि सुझन पेंटर यांनी १९९३ साली नुकत्याच नातं तोडलेल्या ७५ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिन्यांनंतरही त्या माणसाची ओढ कुणाला अधिक राहिली? जिथे वागणूक सर्वांत बेभरवशाची होती, आज फुलं आणि उद्या शिव्या, अशांना. सतत वाईट वागणाऱ्याला सोडणं सोपं असतं. रडून माफी मागणाऱ्याला, पाय धरणाऱ्याला सोडणं भयंकर अवघड. ती मूर्ख नसते, दुबळी नसते. तिचं मन सगळ्यांच्या मनासारखंच चालत असतं, आणि नेमक्या त्याच गोष्टीचा फायदा घेतला जात असतो.

जॅकलिन कॅम्पबेल या परिचारिकेचं काम मला या सगळ्यात सर्वाधिक भिडतं. १९८०च्या दशकात त्यांनी धोका मोजण्याची एक प्रश्नावली तयार केली. आज तिच्यात २० प्रश्न आहेत, पण त्याआधी त्या बाईच्या पुढे एक कॅलेंडर ठेवतात. गेल्या वर्षभरात कधी कधी मारहाण झाली त्या तारखांवर खूण करा, आणि ती किती गंभीर होती तेही लिहा. ‘त्रास काही वाढलेला नाही’ असं आधी सांगणाऱ्या कितीतरी बायका खुणा करून झाल्यावर आपलं उत्तर बदलतात. दिवाळीत एकदा, मग मार्चपर्यंत काही नाही, मग मे महिन्यात दोनदा, जुलैत चारदा. रोजच्या जगण्यात न दिसलेला चढ कागदावर दिसतो. आठवण प्रत्येक घटना वेगळी ठेवते आणि प्रत्येकीला कारण जोडते : त्या दिवशी तो दमला होता, त्या दिवशी माझंच चुकलं. तारखा कारणं सांगत नाहीत.

त्या २० प्रश्नांतले काही आपल्याकडे प्रेमाचा पुरावा मानले जातात. ‘तू सोडून गेलीस तर जीव देईन’ ही धमकी त्या यादीत आहे. सततचा, हिंसक मत्सर आहे. पाठलाग आहे. आणि एक प्रश्न सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा : त्याने कधी तुमचा गळा दाबला आहे का? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासानुसार, जोडीदाराने आधी गळा दाबलेला असेल तर पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सातपटीहून अधिक असते. सॅन डिएगोमध्ये गळा दाबल्याच्या ३०० पोलीस केसेस तपासल्या, तेव्हा निम्म्यांत अंगावर दिसणारी खूणच नव्हती. खूण नाही म्हणून पोलीस, शेजारी आणि ती स्वतःसुद्धा ‘थोडक्यात निभावलं’ म्हणून मोकळे होतात. एकदाही असं घडलं असेल तर डॉक्टरकडे जावं. आतली इजा नंतर त्रास देऊ शकते. आणि ती घटना यापुढे भांडणात मोजू नये.

जोडीदाराच्या खुनी हल्ल्यातून वाचलेल्या ३० बायकांशी ख्रिस्तिना निकोलायडिस आणि सहकाऱ्यांनी सविस्तर बोलून २००३ साली निष्कर्ष मांडले. त्यांतल्या १४ जणींना आपल्या जिवाला धोका आहे हे आधी कळलंच नव्हतं. ३० पैकी २२ हल्ले नात्यात काही बदल होत असताना झाले, म्हणजे बहुतेकदा ती निघत असताना किंवा निघाल्यावर. म्हणून मारहाण होणाऱ्या बाईला ‘आत्ताच्या आत्ता बॅग भर’ असं सांगणारे हितचिंतक नकळत तिला सर्वांत धोक्याच्या वळणावर एकटं उभं करतात. निघायचं असतंच, पण ठरवून आणि गुपचूप. कागदपत्रं, थोडे पैसे, औषधं, मुलांचे दाखले आधी दुसरीकडे ठेवून, कुठे जायचं हे एकाच विश्वासू माणसाला सांगून. आणि त्याच्या हाताला लागेल अशा फोनवर यातलं काहीही न लिहिता.

कायद्यालाही हा नमुना दिसायला वेळ लागला. भारतात २००५ सालच्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने शारीरिक आणि लैंगिक छळाबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही हिंसाच मानला. लग्न न करता नवरा-बायकोसारखं राहणाऱ्या बाईलाही त्याने संरक्षण दिलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ सालच्या कायद्याने जोडीदाराला सतत धाकात आणि ताब्यात ठेवणं हाच गुन्हा ठरवला, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. छळ पुरुषांचाही होतो, समलिंगी जोडप्यांतही होतो, आणि चिन्हं हीच असतात. त्यांच्यासाठी मदतीची दारं आपल्याकडे अजून फार कमी आहेत, हे मला खटकतं.

बायकांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, तातडीच्या वेळी ११२. मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयांत ‘दिलासा’ केंद्रं आहेत. पहिलं वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात, या शतकाच्या सुरुवातीला, ‘सेहत’ संस्था आणि महापालिकेने मिळून सुरू केलं. पोलिसांबरोबर काम करणारा महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली सुरू केला. तिथे समुपदेशक असतात. तक्रार नोंदवायची की नाही हे न ठरवताही त्यांच्याशी बोलता येतं.

तुमची मैत्रीण फोन उचलेनाशी झाली असेल, भेट ठरवून तीनदा रद्द केली असेल, तर रागावून संबंध तोडू नका. त्याच्याविषयी वाईटही बोलू नका, ती लगेच त्याची बाजू घेईल आणि तुम्हालाच टाळेल. पंधरा दिवसांनी पुन्हा साधा फोन करा. स्वयंपाकाची गोष्ट काढा, जुन्या बाईंची काढा. मधेच विचारा, ‘तू त्याला नाही म्हणालीस तर तो काय करतो गं?’ ती गप्प राहिली तर राहू द्या, आणि पुढच्या पंधरवड्यात पुन्हा फोन करा.