न ठरवता घेतलेले व्हॅम्पायर

माझ्या कपाटात व्हॅम्पायरांच्या कादंबऱ्यांची एक सबंध रांग आहे आणि त्यातलं एक सोडलं तर कुठलंच पुस्तक ठरवून घेतलेलं नाही. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत ती आपसूक जमत गेली. काही हुतात्मा चौकातल्या फूटपाथवर मिळाली, काही माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या कडेला, काही ‘खोक्यात मावतील तेवढी पुस्तकं एका किमतीत’ अशा सेलमध्ये. कामासाठी फोर्टात जायचं, परतताना ढिगापाशी उभं राहायचं, वरची दोन-चार बाजूला करून खाली काय दडलंय ते बघायचं आणि हात थांबेल ते घ्यायचं. मागे वळून पाहताना वाटतं, अशा खरेदीमुळेच मला हे कथाविश्व त्याच्या मानापमानांशिवाय भेटलं. कुठलं पुस्तक थोर, कुठलं उथळ, हे मला कोणी आधी सांगितलेलं नव्हतं.

सुरुवात झाली ‘ट्वायलाइट’ने. स्टेफनी मायर यांची ती कादंबरी २००५ची. पण २००८च्या अखेरीस सिनेमा आला आणि त्यानंतर फूटपाथभर तीच दिसू लागली. काळ्या मुखपृष्ठावर दोन गोरे हात आणि त्यांत लालभडक सफरचंद. नुसत्या त्या चित्रावर भुलून मी ती घेतली. उन्हात चमचमणाऱ्या व्हॅम्पायरवर तेव्हा जाणकार तुटून पडत होते. मला मात्र ते पहिलं पुस्तक मनापासून आवडलं. फोर्क्स हे बारमाही पावसाचं गाव, नव्या शाळेत अवघडलेली मुलगी, ढगाळ हवा आहे म्हणूनच तिथे राहणारं ते फिकट कुटुंब, सगळं छान जमून आलंय. पुढचे भाग पसरत गेले, ते मी अर्ध्यावर सोडले.

‘ड्रॅक्युला’ त्यानंतर मिळाली. स्वस्त आवृत्ती, बारीक टाइप, कडा पिवळ्या पडलेल्या. ब्रॅम स्टोकर हा लंडनच्या लायसियम नाट्यगृहाचा व्यवस्थापक. हेन्री आयर्विंगसारख्या मातब्बर नटाचा कारभार सांभाळता सांभाळता त्याने लिहिलेली ही कादंबरी १८९७ साली आली. सिनेमे पाहून माझ्या डोक्यात जो ड्रॅक्युला होता, तो इथे नव्हताच. पहिली चार प्रकरणं तो आपल्या किल्ल्यात आहे. किल्ल्याच्या भिंतीवरून पालीसारखं खाली डोकं करून उतरणाऱ्या काउंट ड्रॅक्युलाला त्याचा पाहुणा हॅरकर खिडकीतून पाहतो, ते पान मी आजही रात्री एकट्याने वाचत नाही. त्यानंतर मात्र तो क्वचितच समोर येतो. उरतात ती रोजनिशीची पानं, पत्रं, तारा, वर्तमानपत्रांची कात्रणं, ‘डिमीटर’ जहाजाच्या कप्तानाची नोंदवही. मीना नावाची बाई टाइपरायटरवर बसून हे सगळं तारीखवार लावते, फोनोग्राफवर बोललेलंही उतरवून घेते, आणि त्या कागदांच्या चळतीतून शत्रू हळूहळू आकाराला येतो. इतकी शिस्तशीर भीती मी दुसऱ्या कुठल्या पुस्तकात अनुभवलेली नाही.

याच पुस्तकात काउंट पिकॅडिलीच्या रस्त्यावर भर दिवसा दिसतो! ऊन त्याला जाळत नाही, दिवसा त्याची शक्ती फक्त मर्यादित होते. पहाटेच्या उजेडात व्हॅम्पायर नाहीसा होण्याची कल्पना रुजवली ती मुर्नाऊच्या १९२२च्या ‘नॉसफेरातू’ या मूकपटाने. तो मूकपट स्टोकरच्या कथेवर परवानगीविना बेतलेला होता. स्टोकरच्या पत्नीने दावा लावला आणि कोर्टाने त्याच्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. काही वाचल्या म्हणून तो आज आहे. उन्हाचा नियम मूळचा स्टोकरचा नाही हे कळल्यावर ‘ट्वायलाइट’वरचा तो आक्षेप माझ्यापुरता निकालात निघाला. क्रमाने वाचलं असतं तर मीही बहुधा त्या टीकाकारांच्या सुरात सूर मिसळला असता.

एकदा ढिगात ‘विक्रम अँड द व्हॅम्पायर’ असं नाव दिसलं आणि उघडून बघायच्या आधीच मी पैसे काढले. रिचर्ड बर्टनचं १८७०चं पुस्तक. आत आपली वेताळपंचविशी, पंचविसातल्या अकराच गोष्टी, पण बर्टनने मनसोक्त फुलवलेल्या. आपला वेताळ रक्त पीत नाही, कोडी घालतो. गोव्यात तर लोलयेसारख्या गावी त्याची ग्रामदेवता म्हणून पूजा होते. गंमत म्हणजे स्टोकर बर्टनला भेटला होता आणि आयर्विंगच्या आठवणी लिहिताना त्याने बर्टनच्या सुळ्याचं वर्णन आवर्जून केलंय. ही दोन पुस्तकं मी शेजारी शेजारी ठेवली आहेत.

२०१८च्या फेब्रुवारीत स्ट्रँड बुक स्टॉल बंद झाला. त्यांच्या सुंदराबाई हॉलमधल्या सेलमधून आणलेली एलिझाबेथ कोस्टोव्हा यांची ‘द हिस्टॉरियन’ तेव्हाही न वाचता पडून होती. तिचा आणि तिच्यासारख्या बऱ्याच पुस्तकांचा योग २०२०च्या टाळेबंदीत आला. न वाचलेल्या पुस्तकांचा साठा घरात असणं ही किती मोठी सोय आहे, ते त्या महिन्यांत कळलं.

त्या दिवसांत दोन पुस्तकांनी मला धरून ठेवलं. रिचर्ड मॅथसनची १९५४ची ‘आय ॲम लेजंड’, माझ्याकडची प्रत सिनेमातल्या विल स्मिथच्या फोटोची. जगात एकटा उरलेला नेव्हिल लसणाच्या माळा बांधतो, लेथवर खुंट्या तासतो, आणि मग ग्रंथालयात जाऊन रक्तावरची पुस्तकं आणून जंतू शोधू लागतो. दुसरी स्टीफन किंगची १९७५ची ‘सेलम्स लॉट’. ही गोष्ट मला ओळखीची होती, कारण शाळेत असताना वाचनालयातून आणलेली नारायण धारपांची ‘लुचाई’ तिच्यावरच बेतलेली. धारपांनी मराठी वाचकाला व्हॅम्पायर घरबसल्या आणून दिला, तोही रात्री दिवा मालवायची छाती होणार नाही इतक्या साध्या भाषेत. त्यांचं ऋण माझ्या पिढीवर मोठं आहे.

किंगच्या कादंबरीत मेलेला डॅनी ग्लिक रात्री मार्कच्या खिडकीबाहेर अधांतरी तरंगतो, काच खरवडतो, आत घे म्हणून विनवतो. मार्क शाळकरी पोरगा. राक्षसांच्या खेळण्यांतल्या खोट्या स्मशानातला प्लॅस्टिकचा क्रॉस तो उपसतो आणि त्याच्यावर धरतो. पुढे फादर कॅलहन या धर्मगुरूच्या हातातल्या खऱ्या क्रॉसचा उजेड मात्र विझतो. पोराचा विश्वास पुरला, पाद्र्याचा कमी पडला. बाहेर रस्ते ओस, शेजारच्या इमारती सील झालेल्या, आणि हातातल्या पुस्तकात एकेक घर बंद होत चाललेलं गाव. त्या वाचनात भीतीपेक्षा सोबत जास्त होती.

२०२१च्या डिसेंबरात ॲन राइस गेल्याची बातमी वाचली आणि मध्यरात्री फोनवरूनच ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’ मागवली. फोन लगेच तशीच आणखी दहा पुस्तकं सुचवतो, फूटपाथ कधीच तसं करत नाही, म्हणून मला फूटपाथ प्रिय. पण या खरेदीचं सोनं झालं. १९७६च्या या कादंबरीत व्हॅम्पायर स्वतः टेपरेकॉर्डरसमोर बसून आपली कर्मकहाणी सांगतो. राइसबाईंची लहानगी मुलगी १९७२ साली रक्ताच्या कर्करोगाने गेली होती. कादंबरीतली क्लॉडिया पाच वर्षांची, आणि कायमची तेवढीच. हे माहीत असताना तिची प्रकरणं वाचणं कठीण जातं.

सध्या हाती आहे लिंडक्विस्ट या स्वीडिश लेखकाची २००४ची ‘लेट द राइट वन इन’, किंग्ज सर्कलला पावसाच्या सरीत निळ्या प्लॅस्टिकखालून ओढून काढलेली. स्टॉकहोमच्या उपनगरात, १९८१च्या थंडीत, शाळेत मार खाणारा ऑस्कर आणि शेजारी राहायला आलेली एली यांची ही गोष्ट. बोलावल्याशिवाय घरात शिरता येत नाही हा जुना नियम. तो मोडला तर काय होतं ते बघायला ऑस्कर तिला मुद्दाम बोलावत नाही. एली तरीही उंबरठा ओलांडते आणि तिच्या अंगातून रक्त झिरपू लागतं. ऑस्कर घाईघाईने तिला ‘ये’ म्हणतो.