दोन दरवाजे आणि एक लिलाव

समजा, अँटॉप हिलला राहणाऱ्या एका विद्यार्थ्याने इंटरनेटवरील लिलावात ४,००० रुपयांची बोली लावून एक जुनी दुर्बीण जिंकली. विक्रेता नागपूरचा. आता आधी कोणी द्यायचे? पैसे आधी पाठवले आणि दुर्बीण आलीच नाही, तर वर्षभराची बचत बुडाली. दुर्बीण आधी आली आणि पैसे गेलेच नाहीत, तर विक्रेता बुडाला. बाजारात आपण एका हाताने देतो व दुसऱ्या हाताने घेतो. सुमारे ८०० किलोमीटर अंतरावर ही सोय नाही.

या कोड्याचे उत्तर आपल्या मुंबईच्या इंदिरा गोदीच्या रचनेत सापडते. १९१४ साली अलेक्झांड्रा गोदी या नावाने सुरू झालेल्या या गोदीच्या तोंडाशी एक लांबट हौद आहे. त्याला दोन्ही टोकांना दरवाजे. जहाज हौदात शिरले की बाहेरचा दरवाजा बंद होतो, हौदातील पाणी गोदीतील पाण्याच्या पातळीला आणले जाते आणि मगच आतला दरवाजा उघडतो. ओहोटीच्या वेळी दोन्ही दरवाजे एकदम उघडले, तर गोदीतले पाणी समुद्रात वाहून जाईल.

'एस्क्रो' हा पैशांचा असाच हौद होय. ग्राहक पैसे विक्रेत्याला न देता एका त्रयस्थ संस्थेकडे ठेवतो. पहिला दरवाजा बंद झाला. संस्था विक्रेत्याला कळवते, 'पैसे जमा आहेत, वस्तू पाठवा.' वस्तू आल्यावर ग्राहक ठरलेल्या मुदतीत ती तपासतो. ती वर्णनाप्रमाणे असेल, तरच दुसरा दरवाजा उघडतो व पैसे विक्रेत्याला मिळतात. नसेल, तर वस्तू परत जाते व पैसेही परत येतात. तुमच्या ध्यानात आले असेल की, विक्रेत्याला पैसे जमा झाल्याचे कळते पण ते उचलता येत नाहीत; ग्राहकालाही ते मनाला येईल तेव्हा काढून घेता येत नाहीत. म्हणून फसवणुकीत लाभ उरत नाही.

आपल्याकडे बाझी डॉट कॉम हे लिलावाचे संकेतस्थळ २००४ साली ईबे कंपनीने विकत घेतले. ईबेच्या भारतीय संकेतस्थळावर 'पैसापे' ही याच तत्त्वाची सोय होती. ते संकेतस्थळ २०१८ साली बंद झाले. २०२० साली रिझर्व्ह बँकेने नियम केला की, ग्राहकांचे पैसे गोळा करून व्यापाऱ्यांना पोचवणाऱ्या बिगर-बँक कंपन्यांनी ते पैसे बँकेतील एस्क्रो खात्यातच ठेवावेत.

पण पहारेकरीच चोर निघाला तर? भामटे खोटी एस्क्रो संकेतस्थळे उभारतात आणि त्यांचा दुवा स्वतःच पाठवतात. म्हणून विक्रेत्याने दिलेला दुवा वापरू नका. संस्था स्वतः निवडा, तिचा पत्ता स्वतः टंकलिखित करा. एखाद्या व्यक्तीच्या खाशा खात्यात पैसे भरायला सांगितले, तर तो एस्क्रो नव्हेच. आणि पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही लागत नाही. फसलात, तर लाजू नका; वडीलधाऱ्यांना सांगून ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

आता एक प्रश्न. ग्राहकानेच दुर्बीण काढून घेऊन खोक्यात वीट भरून परत पाठवली, तर? हौदाला आणखी कोणता दरवाजा बसवाल? वर्गात चर्चा करून पाहा.