वाहितमल संस्करण, लहान नगरांतील

शौचकूप, स्नानगृह व स्वयंपाकघर यांतून वाहून जाणाऱ्या दूषित पाण्यास वाहितमल म्हणतात. त्यातील मलद्रव्ये काढून टाकून ते नदीत सोडण्यायोग्य करण्याच्या प्रक्रियांना वाहितमल संस्करण ही संज्ञा आहे.

नदीकाठची गावे वाढून नगरे बनली, की संस्करणाची निकड कशी निर्माण होते, हे पुणे जिल्ह्यातील तळवडे परिसरात स्पष्ट दिसते. देहू व आळंदी या तीर्थक्षेत्रांदरम्यान इंद्रायणीच्या दक्षिण तीरावर वसलेले हे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. तेथे वस्ती व लघुउद्योग वाढले. नदीच्या उत्तरेस चाकणचे औद्योगिक क्षेत्र विस्तारले. लोणावळ्यानजीक कुरवंडे येथे उगम पावून तुळापूर येथे भीमेस मिळणाऱ्या या नदीचे पाणी निघोजे येथील बंधाऱ्यातून उचलून, चिखली येथे शुद्ध करून नगरास पुरविले जाते. पुढे आळंदीस यात्रेकरू तिच्यातच स्नान करतात. नदीकाठच्या वस्तीचे सांडपाणीही अखेर याच प्रवाहाकडे येते.

प्रमाण व प्रदूषणक्षमता : दरडोई रोज १३५ लि. पाणीपुरवठा व त्याच्या ८० टक्के सांडपाणी धरल्यास दहा हजार वस्तीपासून रोज सु. १०·८ लाख लि. वाहितमल निर्माण होते. त्यातील सेंद्रिय द्रव्यांचे विघटन करताना सूक्ष्मजंतू जेवढा ऑक्सिजन वापरतात, त्यास जीवरासायनिक ऑक्सिजन मागणी म्हणतात. ती कच्च्या वाहितमलात दर लिटरला सामान्यतः २०० ते ३०० मिग्रॅ. असते, स्नानयोग्य पाण्यात ती ३ मिग्रॅ.पेक्षा अधिक नसावी. नदीच्या पाण्याची मागणी १ मिग्रॅ. व वाहितमलाची २५० मिग्रॅ. मानल्यास, मिश्रण स्नानयोग्य राहण्यासाठी एक भाग वाहितमलास नदीचे सु. १२४ भाग पाणी लागते. संस्करणाने मागणी ३० मिग्रॅ.पर्यंत उतरविल्यास सु. १४ भाग, तर १० मिग्रॅ.पर्यंत उतरविल्यास साडेतीन भाग पुरतात. उन्हाळ्यात प्रवाह क्षीण होतो, तेव्हा हा फरक निर्णायक ठरतो.

संस्करणाचे टप्पे : प्रथम जाळ्यांनी चिंध्या, प्लॅस्टिक इ. अडवून वाळू वेगळी करतात. नंतर अवसादन टाकीत जड घन कण तळाशी बसतात. पुढील टप्पा जैव प्रक्रियेचा असतो. सक्रियित गाळ पद्धतीत टाकीत हवा खेळवून सूक्ष्मजंतूंकरवी सेंद्रिय द्रव्यांचे विघटन घडवितात आणि निवळलेल्या गाळाचा काही भाग पुन्हा टाकीत सोडतात. ही पद्धत ई. आर्डर्न व डब्ल्यू. टी. लॉकेट यांनी मँचेस्टर येथे विकसित करून १९१४ मध्ये मांडली. शेवटी क्लोरिनाने जंतुनाशन करतात. स्थिरीकरण तलावांस वीज जवळजवळ लागत नाही; परंतु जमीन पुष्कळ लागत असल्याने दाट वस्तीत ते परवडत नाहीत.

मर्यादा : धातूंवर मुलामा देणाऱ्या कारखान्यांतील क्रोमियम, निकेल व सायनाइडे उपयुक्त सूक्ष्मजंतूंनाच मारक ठरतात; म्हणून असे सांडपाणी कारखान्यातच निर्विष करणे आवश्यक असते. साध्या जैव प्रक्रियेनंतरही नायट्रोजन व फॉस्फरस बऱ्याच अंशी उरतात आणि संथ पाण्यात जलपर्णी माजते. गाळाची विल्हेवाट न लावल्यास तोच पुन्हा नदीत जाण्याचा धोका असतो.

नदीसंरक्षण : महाराष्ट्रात जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९६९ मध्ये, तर केंद्रीय कायदा १९७४ मध्ये झाला. तथापि केवळ केंद्र उभारल्याने नदी शुद्ध होत नाही. ज्या घरांचे सांडपाणी मलवाहिनीऐवजी ओढ्यात जाते, त्यांच्या दृष्टीने केंद्र असून नसल्यासारखेच असते. शिवाय इंद्रायणीकाठी नगरपरिषदा, महानगरपालिका व ग्रामपंचायती अशा अनेक संस्थांच्या हद्दी आहेत. वरच्या गावाने न केलेल्या संस्करणाचा भार खालच्या गावावर पडतो. म्हणून घरोघरच्या जोडण्या, कारखान्यांवरील देखरेख व संपूर्ण खोऱ्याचे एकत्र नियोजन ही नदीसंरक्षणाची तीन अंगे मानली जातात.