स्कूबा डायव्हिंगमधील प्लावकता आणि जादा सिलिंडर

स्कूबा डायव्हिंग करताना मुख्य सिलिंडरखेरीज सोबत नेलेल्या व स्वतंत्र रेग्युलेटर असलेल्या सिलिंडरला जादा सिलिंडर म्हणतात. मुख्य सिलिंडरमधील हवा अनपेक्षितपणे संपल्यास किंवा त्याचा रेग्युलेटर बिघडल्यास पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत सुरक्षित परतता यावे, हा त्याचा उद्देश असतो. या कामासाठीच्या लहान सिलिंडरला ‘पोनी सिलिंडर’ हे नाव रूढ आहे. तो जोडल्याने पाणबुड्याचे एकूण वस्तुमान, आकारमान आणि तोल बदलतात; त्यामुळे सोबत घ्यायच्या शिशाच्या वजनांचा हिशेब नव्याने करावा लागतो. हा हिशेब पाणबुड्या सर्वांत हलका असेल त्या स्थितीवरून केला जातो.

मूळ तत्त्व

आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार द्रवात बुडालेल्या वस्तूवर, तिने बाजूला सारलेल्या द्रवाच्या वजनाइतके प्लावक बल वरच्या दिशेने कार्य करते. हे बल वस्तूच्या वजनापेक्षा अधिक असल्यास वस्तू वर येते. अशा वस्तूची प्लावकता धन असते. बल वजनापेक्षा कमी असल्यास वस्तू बुडते व तिची प्लावकता ऋण असते. दोन्ही समान असल्यास वस्तू आहे त्याच खोलीवर स्थिर राहते. या स्थितीला उदासीन प्लावकता म्हणतात. पाण्याखाली असताना ही स्थिती राखणे पाणबुड्यासाठी आवश्यक असते.

समुद्राच्या पाण्याची घनता गोड्या पाण्यापेक्षा सुमारे २.५ टक्के अधिक असते. साहित्यासह १०० किलो वस्तुमान असलेला पाणबुड्या पोहण्याच्या तलावात उदासीन असेल, तर तारकर्ली किंवा गोव्याच्या समुद्रात त्याला सुमारे २.५ किलो अधिक वजन घ्यावे लागते.

सिलिंडरमधील हवेचे वजन

सिलिंडरचे बाह्य आकारमान बदलत नाही, परंतु हवा वापरली जाते तसे त्याचे वस्तुमान घटते. वातावरणीय दाबाला एक लिटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ ग्रॅम असते. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाला सुमारे २,४०० लिटर, म्हणजेच जवळपास २.९ किलो हवा मावते. ३ लिटरच्या जादा सिलिंडरमध्ये त्याच दाबाला सुमारे ६०० लिटर, म्हणजेच ०.७ किलो हवा असते.

नेहमीच्या बुडीत जादा सिलिंडर वापरला जात नाही व तो भरलेलाच परत येतो. त्यामुळे त्यातील हवेचे वजन हिशेबातून सुटण्याची शक्यता असते. मात्र ज्या बुडीत तो वापरावा लागतो, त्या बुडीत मुख्य सिलिंडरही रिकामा झालेला असू शकतो. दोन्ही रिकामे झाल्यास वरील उदाहरणातील पाणबुड्या बुडीच्या सुरुवातीपेक्षा सुमारे ३.६ किलोने हलका होतो. शिसे अपुरे असल्यास नेमक्या संकटाच्या वेळी त्याला पाण्याखाली स्थिर राहता येत नाही.

सिलिंडरचा धातू

ॲल्युमिनियमचा ११.१ लिटरचा प्रचलित सिलिंडर भरलेला असताना समुद्राच्या पाण्यात किंचित ऋण असतो, तर रिकामा झाल्यावर सुमारे २ किलोने धन होतो. बहुतेक पोलादी सिलिंडर रिकामे झाल्यावरही ऋण किंवा जवळजवळ उदासीन राहतात. बाजूला अडकवून नेण्यासाठी अनेकदा ॲल्युमिनियमचे सिलिंडर पसंत केले जातात, कारण पाण्यात त्यांचे वजन फारसे जाणवत नाही व ते काढून दुसऱ्याच्या हाती देणे सोपे जाते.

वजन ठरविण्याची पद्धत

प्रचलित चाचणीत मुख्य सिलिंडरमध्ये सुमारे ५० बार दाब शिल्लक असताना उत्प्लावन जाकिटातील हवा पूर्णपणे काढली जाते. पाणबुड्याने नेहमीसारखा श्वास रोखला असता पाण्याची पातळी डोळ्यांच्या रेषेत यावी व श्वास सोडल्यावर तो सावकाश बुडावा, असे अपेक्षित असते. चाचणी भरलेल्या सिलिंडरांसह केल्यास दोन्हींमधील हवेच्या वजनाइतके शिसे त्यात वाढवावे लागते.

जादा सिलिंडर काढता येण्याजोगा असल्यास दोन स्थिती तपासल्या जातात: सिलिंडर अंगावर असून रिकामा झालेला असणे आणि सिलिंडर अंगावर नसणे. पोलादी जादा सिलिंडरच्या भरवशावर शिसे कमी केले आणि तो सिलिंडर संकटातील सोबत्याला द्यावा लागला, तर देणारा एकदम हलका होतो व घेणारा जड होतो. म्हणून काढून देता येणाऱ्या सिलिंडरला शिशाचा पर्याय मानले जात नाही.

तोल

मुख्य सिलिंडरच्या एका बाजूला बांधलेला जादा सिलिंडर शरीराला त्या बाजूकडे कलवतो. यावर उपाय म्हणून शिशाची काही वजने विरुद्ध बाजूस हलविली जातात. त्यासाठी एकूण वजन वाढविण्याची गरज नसते. शरीराच्या बाजूने अडकविलेल्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरचा बुडाकडील भाग हवा कमी होताच वर उचलला जातो, त्यामुळे पट्टे व अडकवण यांची जागा त्यानुसार ठरवावी लागते.

अयोग्य वजनाचे परिणाम

१० मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागावरील दाबाच्या सुमारे दुप्पट असतो. बॉइलच्या नियमानुसार तेथून वर येताना जाकिटातील व पोशाखातील वायू प्रसरण पावतो आणि वर येण्याचा वेग आणखी वाढतो. वजन कमी असलेल्या पाणबुड्याला सुमारे ५ मीटर खोलीवरील सुरक्षा थांबा पाळता येत नाही. अनियंत्रितपणे वर आल्यास विसंपीडन आजार होण्याचा, तसेच श्वास रोखलेला असल्यास फुप्फुसांना इजा होण्याचा धोका असतो.

वजन गरजेपेक्षा अधिक असल्यास जाकिटात जास्त हवा भरावी लागते. तिचे आकारमान खोलीनुसार बदलत असल्याने प्लावकता राखणे कठीण होते, पोहताना श्रम वाढतात आणि हवा लवकर संपते. सिलिंडर पूर्ण भरलेले असताना व पोशाख खोलीवर दाबला गेल्यानंतरही पाणबुड्याला उचलून धरण्याइतकी क्षमता जाकिटात असणे आवश्यक असते.