मधुमेहांतील लिंगशैथिल्य आणि मज्जातंतूंची परीक्षा

पायांना मुंग्या येतात, हें मधुमेही पुरुष डॉक्टरांस सहज सांगतो. परंतु लिंगास ताठरता येत नाहीं, हें सांगतांना त्याची जीभ अडखळते. वास्तविक हें दुखणें विरळ नव्हे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत ४० ते ७० वर्षांच्या पुरुषांची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष १९९४ सालीं प्रसिद्ध झाले. एकंदर पुरुषांत पूर्ण शैथिल्याचें प्रमाण शेंकडा सुमारें १० होतें. मधुमेहावर उपचार घेणाऱ्यांत, वयाचा फरक जमेस धरूनही, तें २८ भरलें.

ताठरता म्हणजे रक्ताची भरती. कण्याच्या तळाकडील केंद्रांतून निघणारे बारीक तंतु नायट्रिक ऑक्साइड हा वायु सोडतात. त्यायोगें रोहिण्या सैल होऊन रक्त आंत शिरतें. दीर्घकाळ वाढलेली साखर या तंतूंना आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाही इजा करते. यांपैकीं तंतूंची इजा कितपत आहे, हें मज्जातंतूंच्या परीक्षेनें अजमावतात.

प्रथम कंप पावणारा ट्यूनिंग फोर्क पायाच्या अंगठ्यावर टेकवून कंप जाणवतो कीं नाहीं, तें पाहतात. नंतर मिनिटास सहा असे दीर्घ श्वास घेववून हृदयाच्या गतींतील चढउतार मोजतात. निरोगी माणसांत हा फरक साधारणतः १५ ठोक्यांहून अधिक असतो. १० किंवा त्याहून कमी भरल्यास हृदयाच्या स्वायत्त तंतूंना इजा झाल्याचा संशय येतो. तिसऱ्या परीक्षेंत लिंगाग्रास विजेचा सौम्य स्पर्श करतात व ओटीपोटाच्या तळाचे स्नायु किती वेळांत आकुंचन पावतात, हें यंत्रानें टिपतात. सेकंदाच्या सुमारें तिसाव्या भागांत येणारें उत्तर लांबलें, तर संदेशवाहक तंतु मंदावले असें समजतात.

मात्र ही तिसरी परीक्षा जाड, शीघ्रवाही तंतूंची होय. ताठरता आणणारे तंतु बारीक असतात. म्हणून तिचें उत्तर निर्दोष आलें तरी मज्जातंतु निर्दोष ठरत नाहींत, आणि सदोष आलें तरी रक्तवाहिन्या निरोगी आहेत असें होत नाहीं. पहांटे आपोआप ताठरता येते काय, कोणतीं औषधें चालू आहेत, मन खिन्न आहे काय, ही विचारपूस व रक्ततपासणी यांनीं बहुधा निदान होतें. संशय उरला तरच यंत्राची गरज.

तथापि मौन सर्वांत महाग पडतें. हें शैथिल्य पुष्कळदां हृद्रोगाची आगाऊ सूचना असते. आणि छातींतील कळेवर नायट्रेट घेणाऱ्यानें चोरून घेतलेली ताठरतेची गोळी रक्तदाब एकदम उतरवून प्राणावर बेतूं शकते. लाज बाजूस सारून डॉक्टरांपाशीं उच्चारलेलें एक वाक्य हीच पहिली परीक्षा होय.