प्रश्नाची पायरी

‘बाष्पीभवन म्हणजे काय?’ बाईंनी विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात व्याख्या म्हणतो. उत्तर बरोबर असतं, पण ते समजून दिलंय की पाठ करून, हे त्यावरून कळत नाही.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 मध्ये विचारांच्या सहा पायऱ्या मांडल्या. 2001 च्या सुधारित मांडणीत त्या अशा आहेत: स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि नवनिर्मिती. बी.एड.च्या परीक्षेसाठी ही यादी अनेकांनी घोकलेली असते. तिचा खरा उपयोग मात्र फळ्यासमोर उभं राहिल्यावर होतो.

तोच धडा घ्या. ‘पावसाळ्यात कपडे लवकर का वाळत नाहीत?’ असं विचारलं की मुलं आधी गप्प होतात. मग एखादी मुलगी चाचरत म्हणते, ‘हवाच ओली असते ना, बाई!’ इथे विचार सुरू झाला. ‘घडी घातलेला टॉवेल आधी वाळेल की पसरलेला? करून कसं दाखवाल?’ असं विचारलं की मुलं प्रयोगच आखू लागतात.

याचा अर्थ स्मरणाचे प्रश्न टाकाऊ आहेत असा नाही. व्याख्याच माहीत नसेल तर पुढे सरकणार कसं? पण तास तिथेच संपू नये.

आणि वरच्या पायरीचा प्रश्न विचारल्यावर लगेच उत्तर सांगून टाकू नका. निदान तीन सेकंद थांबा.