गादी तीच, माणसे दोन

बडोद्याच्या मराठी घरांत ‘गादी’ या शब्दाला अजून वजन आहे. 1875 च्या एप्रिलमध्ये मल्हारराव गायकवाडांना या गादीवरून उतरवून मद्रासला पाठवण्यात आले. पुढच्याच महिन्यात खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला. तोच पुढे सयाजीराव झाला. सत्ता माणसाला बिघडवते का, या प्रश्नाकडे पाहायला याहून चांगली जोडी मला माहीत नाही.

लॉर्ड ॲक्टन या इंग्रज इतिहासकाराने 1887 साली एका पत्रात सत्तेला दोषी ठरवले, ते जगभर प्रसिद्ध झाले. प्रयोगशाळेत हा प्रश्न तपासला गेला तो बराच नंतर. 2006 साली ॲडम गॅलिन्स्की आणि सहकाऱ्यांनी काही जणांना आपण दुसऱ्यावर अधिकार गाजवला तो प्रसंग आठवायला लावला, तर काहींना दुसऱ्याच्या अधिकाराखाली असतानाचा. मग प्रत्येकाला स्वतःच्या कपाळावर इंग्रजी ‘ई’ अक्षर काढायला सांगितले. समोरच्याला ते उलटे दिसेल, असे काढणारे अधिकार आठवलेल्या गटात जवळपास तिप्पट निघाले. 2014 साली कॅनडात सुखविंदर ओभी यांच्या गटाने मेंदूच मोजला. दुसऱ्याचा हात रबरी चेंडू दाबताना पाहिला की आपल्याही मेंदूत त्या हालचालीचे पडसाद उमटतात. अधिकाराच्या आठवणीत असलेल्यांमध्ये ते क्षीण होते. अर्थात हे प्रयोग काही मिनिटांच्या आठवणीवर बेतलेले आहेत. वर्षानुवर्षे राज्य करणाऱ्याचा मेंदू त्यांत मोजलेला नाही.

मला सर्वांत बोलका वाटतो तो 2001 चा खुर्चीचा प्रयोग. सेरेना चेन आणि सहकाऱ्यांनी कुणाला प्राध्यापकाच्या खुर्चीत बसवले, कुणाला पाहुण्याच्या, आणि कामे वाटून घ्यायला सांगितली. देण्याघेण्याचा हिशेब ठेवणाऱ्या स्वभावाच्या माणसांनी प्राध्यापकाच्या खुर्चीत बसताच कष्टाची कामे दुसऱ्यावर ढकलली. इतरांची काळजी वाहणाऱ्यांनी त्याच खुर्चीत बसून स्वतःकडे जास्त कामे ओढून घेतली. म्हणजे खुर्ची माणसाच्या आधीच्या कलाला जोर देते.

मल्हाररावांचा कल कशाने घडला? थोरल्या भावाच्या, खंडेरावांच्या, जिवावर उठल्याच्या संशयावरून ते बडोद्याजवळच्या पाद्रा गावी कैदेत पडले होते. 1870 मध्ये खंडेराव वारले आणि हा कैदी थेट गादीवर आला. कारभाराचे शिक्षण नाही, मनात अपमान. नॅथॅनेल फास्ट आणि चेन यांनी 2009 मध्ये दाखवले की हातात सत्ता आणि मनात ‘मला हे जमत नाही’ ही भीती, या दोन्ही एकत्र आल्या की आक्रमकता वाढते. मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा ओतवल्या आणि भावाच्या माणसांवर सूड उगवला. 1874 मध्ये दादाभाई नौरोजी दिवाण म्हणून आले, पण पुढच्या वर्षाच्या सुरुवातीलाच त्यांना पद सोडावे लागले.

मात्र मल्हाररावांवर सगळे ढकलून मोकळे होणे अन्यायाचे होईल. दरबारातले ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग करवल्याचा आरोप मल्हाररावांवर आला, त्याच्या चौकशीसाठी सहा जणांचे कमिशन बसले. तिघा इंग्रज सदस्यांनी महाराजांना दोषी मानले. ग्वाल्हेर आणि जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव यांना आरोप सिद्ध झाल्याचे पटले नाही. तरीही ब्रिटिश सरकारने गैरकारभाराचे कारण पुढे करून गादी काढून घेतली. दुसऱ्याची बाजू न दिसण्याचा आजार कलकत्त्याच्या सरकारलाही होताच.

सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले 1881 च्या डिसेंबरमध्ये. मधली सहा वर्षे ते शिकत होते. एलियट हे त्यांचे शिक्षक. दिवाण टी. माधवराव यांनी राजाने स्वतःला कसे आवरावे यावर त्यांना व्याख्याने दिली आणि ती पुढे छापली गेली. राजाला राज्य करण्याआधी बंधने शिकवणे, ही बडोद्याने केलेली मोठी गोष्ट आहे, असे मी मानतो.

पण शिकवण आणि चांगला स्वभाव पुरेसा असतो का? स्वित्झर्लंडमध्ये 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोकांना खेळातले पुढारी केले आणि सगळ्यांचे पैसे वाटायला दिले. ज्यांच्या हाताखाली जास्त माणसे आणि निवडीची जास्त मोकळीक, त्यांनी स्वतःसाठी जास्त काढून घेतले. आधीच्या चाचणीत प्रामाणिक ठरलेले सुरुवातीला सावरून होते, मात्र वेळ गेला तसे तेही घसरले. चांगला माणूस शोधून बसवला की झाले, हा आपला आवडता समज इथे कोसळतो.

सयाजीरावही एकछत्री राजेच होते, लक्ष्मी विलास राजवाडा त्यांच्याच काळात उभा राहिला. पण त्यांनी 1893 मध्ये अमरेलीत आणि 1906 मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, 1910 पासून गावोगाव ग्रंथालयांची चळवळ उभारली. ज्याला वाचता येते तो हुकूम वाचतो, हिशेबही वाचतो. राजाला टोकू शकेल अशी प्रजा राजानेच घडवली.

आपल्या सोसायटीत, मंडळात, शाळेच्या विश्वस्तांत वर्षानुवर्षे एकच माणूस खुर्चीत असेल, तर तो कितीही भला असो, पुढच्या सभेत हिशेबाची वही मागा आणि त्याची मुदत ठरवून घ्या.